कॅन्सल, टर्मिनेट, व्हॉइड, रिव्होक, रिसिंड... नेमकं कुठं काय लिहायचं? एका शब्दापायी तीन ऑर्डरी अडकल्यात

अक्कलकोट_रोड_टॉवेल

नमस्कार सगळ्यांना. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिस बघतो मी. बिलं, डिस्पॅच, आणि गेल्या दीड वर्षापासून परदेशी बायरचे मेल पण माझ्याच गळ्यात आलेत. शिक्षण मराठी मीडियम, बीकॉम. इंग्रजी वाचून कळतं, लिहिताना डिक्शनरी बघून लिहितो आणि घोळ तिथंच झालाय.

झालं असं की आखातातल्या एका बायरच्या आमच्याकडं तीन परचेस ऑर्डर चालू होत्या. दोन नंबरच्या ऑर्डरीत बाटली हिरवा कलर होता, लॅब डिप, म्हणजे रंगाचा नमुना, दोनदा पाठवली, दोन्ही वेळा त्यांना शेड पटली नाही, शेवटी फोनवर दोघांचं ठरलं की ही एक ऑर्डर सोडून द्यायची अन् बाकी दोन चालू ठेवायच्या. भांडण नाही, काही नाही. मालक म्हणाले मेल टाकून ठेव. मी डिक्शनरीत रद्द करणे बघितलं तर सात-आठ शब्द आले, त्यातला टर्मिनेट मला जरा वजनदार वाटला. विषयात लिहिलं टर्मिनेशन ऑफ कॉन्ट्रॅक्ट, आत लिहिलं वुई हिअरबाय टर्मिनेट द कॉन्ट्रॅक्ट. ऑर्डरीचा नंबर टाकला होता पण तो खाली रेफरन्समध्ये.

दुसऱ्या दिवशी तिकडून उत्तर, तिन्ही ऑर्डरी होल्डवर ठेवतोय, करार का संपवताय ते कळवा. एक नंबरचा माल मागावर होता ओ, निम्मा विणून झालेला, शिलाईच्या बायका हात बांधून बसल्या. मी घाईघाईत दुसरा मेल टाकला, अवर अर्लियर मेल इज व्हॉइड. त्यावर त्यांच्या लीगलवाल्याचं आलं की व्हॉइड म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला, मेल विदड्रॉ करताय का?

आता तिसरा मेल लिहायच्या आधी विचारायलोय. पहिल्यांदा काय लिहायला हवं होतं, आता काय लिहू, आणि हे सगळे शब्द (रिव्होक, रिसिंड, अनल, रिपील, नलिफाय, क्वॉश) डिक्शनरीत सगळ्यांपुढं रद्द करणे एवढंच कसं काय? फरक असेल तर तो ओळखायचा कशावरून?

कागदपत्रं_चिंचोळी

मी एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच करतो, चिंचोळीला. आधी तुमच्या कामाचं बोलतो.

दादा, ऑर्डर कॅन्सल होते, करार टर्मिनेट होतो. फरक रेल्वेवरून सांगतो, आपल्या सोलापूरच्या माणसाला लगेच कळेल. हुतात्मा एक्स्प्रेस कॅन्सल म्हणजे ती त्या दिवशी सुटलीच नाही. अन् शॉर्ट टर्मिनेट म्हणजे सुटली, धावली, आणि मधेच दौंडला नाहीतर कुर्डुवाडीला थांबवली, तिथून पुढं जाणार नाही. टर्मिनस म्हणजे हद्द, शेवटचं ठिकाण. त्यामुळं तुम्ही टर्मिनेट द कॉन्ट्रॅक्ट लिहिलं तेव्हा समोरच्यानं वाचलं की ह्यांच्याबरोबरची आपली गाडी आता इथंच थांबली. त्यानं सगळं होल्डवर टाकलं त्यात त्याची चूक नाही.

लिहायचं एवढंच होतं की परचेस ऑर्डर नंबर अमुक इज कॅन्सल्ड बाय म्युच्युअल कन्सेन्ट. आणि ऑर्डर नंबर विषयाच्या ओळीतच, कोपऱ्यात नाही.

एक विचारतो, एक नंबरच्या ऑर्डरीची एलसी, म्हणजे बायरच्या बँकेची पैसे देण्याची हमी, उघडलीय का? उघडली असेल तर तेवढा जीव भांड्यात पडू द्या. एलसीवर यूसीपी ६०० लागू असं लिहिलेलं असतं, एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत ते, १ जुलै २००७ पासूनचे, त्यात एलसी ही इर्रिव्होकेबलच, म्हणजे माघारी न घेता येणारीच असते, कागदावर तसा शब्द नसला तरी. बँकेच्या आणि तुमच्या, म्हणजे बेनिफिशियरीच्या, संमतीशिवाय ती ना बदलता येते ना रद्द करता येते. तुमच्या मेलनं ती मेली नाही. फक्त शिपमेंटची शेवटची तारीख बघा, हा होल्ड लांबला तर ती तारीख निघून जाईल, खरा धोका तिथं आहे.

टॅक्स_नवी_पेठ

आमच्या जीएसटीत तर हे दोन शब्द एकावर एक बसलेत. रजिस्ट्रेशन कॅन्सल होतं कलम २९ खाली आणि ते परत मिळवायला अर्ज करायचा त्याचं नाव रिव्होकेशन ऑफ कॅन्सलेशन, कलम ३०, फॉर्म आरईजी-२१, ऑर्डर मिळाल्यापासून ९० दिवसांत. लोक मला विचारतात कॅन्सल अन् रिव्होक एकच ना, मग हे काय, रद्दचं रद्द? तर हो, तसंच आहे. अधिकाऱ्यानं जो हुकूम काढला तोच हुकूम तो माघारी बोलावतो, म्हणून रिव्होक. नंबर परत जिवंत.

ई-इन्व्हॉइस पण २४ तासांच्या आत पोर्टलवर कॅन्सल करता येतं, अर्धं-मुर्धं नाही, आख्खंच. आणि एकदा कॅन्सल केलं की तो बिल नंबर परत वापरायला मिळत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोट.

व्हॉइडचं रोजचं उदाहरण पाहिजे तर कुठल्याही कापड दुकानात कार्ड मशीनवर बघा. ३,२०० च्या जागी ३२,००० मारले गेले, तर रात्री सेटलमेंट व्हायच्या आत दुकानदार व्हॉइड दाबतो, व्यवहार पक्का व्हायच्या आधीच पोकळ होतो. सेटलमेंट झाल्यावर कळलं तर रिफंड, ते पैसे आधी जातात अन् काही दिवसांनी परत येतात. दोन्हीत गिऱ्हाइकाला पैसे मिळतात पण गोष्ट वेगळी आहे.

काळा_कोट_सोलापूर

भाऊ, मी इथं जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते. तुमचा प्रश्न फार बरोबर आहे, आमच्याकडं ज्युनिअर येतात ते पण पहिली दोन वर्षं हे शब्द एकमेकांच्या जागी टाकतात अन् अर्ज परत येतो. डिक्शनरीत बघण्याच्या आधी स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. हे रद्द करण्याचा अधिकार कुणाचा आहे? आणि हे कधीपासून मेलं, आजपासून की जन्मापासून?

व्हॉइडपासून सुरू करते कारण तुम्ही तिथंच अडकलात. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यात कायद्यानं अंमलात आणता येत नाही तो करार व्हॉइड. त्याला कुणी मारावं लागत नाही. अल्पवयीन मुलानं केलेला करार घ्या, १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की तो मुळातच शून्य, नंतर कुणी व्हॉइड करायची गरजच नाही. म्हणून कोर्ट म्हणताना डिक्लेअर्ड व्हॉइड म्हणतं, होता तसा जाहीर केला. तुमचा मेल व्हॉइड नव्हता, तुम्ही शुद्धीत, अधिकारानं पाठवला, समोरच्याला मिळाला. त्यामुळं त्यांच्या वकिलाला प्रश्न पडला तो खरोखरचा प्रश्न होता.

त्याच्या शेजारचा व्हॉइडेबल, आमच्या मराठी कायद्यात शून्यकरणीय. फसवून, धमकावून सही घेतली तर कलम १९, असा करार आपोआप मरत नाही, ज्याची फसवणूक झाली त्याच्या हातात असतं, ठेवायचा की सोडायचा. त्यानं सोडायचं ठरवलं की ते रिसिंड. आणि रिसिंड केलं की दोघांनी एकमेकांकडून घेतलेलं परत करायचं, कलम ६४. टर्मिनेटमध्ये तसं नसतं, झालं ते झालं, झालेल्या कामाचे पैसे द्यायचे अन् पुढचं बंद. तुम्ही रिसिंड लिहिलं असतं ना भाऊ तर अजून अवघड झालं असतं, ॲडव्हान्स परत मागितला असता त्यांनी.

लग्नाचं उदाहरण आमच्याकडं रोजचं. हिंदू विवाह कायदा १९५५. कलम १३ चा घटस्फोट म्हणजे लग्न होतं आणि आता संपलं. कलम ११ अन् १२ मध्ये डिक्री ऑफ नलिटी, ११ मधलं लग्न मुळातच व्हॉइड, पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न वगैरे, १२ मधलं व्हॉइडेबल, ते कोर्टानं अनल करेपर्यंत चांगलं लग्न असतं. माझ्याकडं एक मुलगी आली होती, तिला घटस्फोट नको होता, तिला अनलमेंटच पाहिजे होती, म्हणाली मॅडम कागदावर घटस्फोटित लिहून यायला नको. सहा महिने तिनं ह्या एका शब्दासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि तिला तो मिळाला. शब्दात काय आहे असं मला कुणी म्हणालं की मला ती आठवते.

क्वॉश, म्हणजे खालची कारवाईच मोडीत काढणं, ते फक्त वरचं कोर्ट करतं. एफआयआर क्वॉश करायला हायकोर्टात जावं लागतं, आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, ४८२ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ५२८. आपल्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालं तेव्हापासून सोलापूरची कामं तिकडं जातात. खालच्या कोर्टाचा निकाल सेट असाइड होतो. आपण दोघं करार क्वॉश करू शकत नाही, तो आपला शब्दच नाही.

आता तुमच्या तिसऱ्या मेलबद्दल, हे नीट वाचा. शब्द विदड्रॉ हाच. पण टर्मिनेशनची नोटीस समोरच्याला मिळाल्यावर आपण एकट्यानं माघारी घेतली म्हणून संपत नाही, त्याचा होकार लागतो. आपल्या करार कायद्यात कलम ३९ आहे, एका पक्षानं काम करायला नकार दिला तर दुसरा करार संपवू शकतो, पण त्यानं शब्दानं किंवा वागण्यानं दाखवलं की करार चालू ठेवायचाय, तर मग नाही. तेव्हा नुसतं विदड्रॉ लिहून थांबू नका, काइंडली कन्फर्म दॅट ऑर्डर्स वन अँड थ्री कंटिन्यू असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ऑर्डरीच्या मागं बारीक अक्षरात कुठल्या देशाचा कायदा लागू ते पण बघा, तिकडचा असेल तर कलमं बदलतील, पण लेखी होकार कुठंही उपयोगीच.

जुळे_सोलापूर_७

ताई मधेच विचारतो, माफ करा. चुलतभावाला प्लॉटसाठी मुखत्यारपत्र दिलं होतं, आता काढून घ्यायचंय. स्टॅम्प वेंडरकडं बसणारे म्हणतात कॅन्सलेशन डीड करा, दुसरे म्हणतात रिव्होकेशन. पैसे दोघं सारखेच सांगतात म्हणून काय फरक पडतो कळेना.

काळा_कोट_सोलापूर

रिव्होकेशन. अधिकार तुम्ही दिला होता, तो तुम्हीच परत बोलावताय. मृत्युपत्राला पण हाच शब्द, करणारा शुद्धीवर असेपर्यंत कधीही रिव्होक करू शकतो. पण दादा, मथळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कळवणं. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणं मुखत्याराला कळेल तेव्हापासून त्याच्यापुरता अधिकार संपतो, आणि तिसऱ्या माणसाला कळेल तेव्हापासून त्याच्यापुरता. म्हणजे तुम्ही कागद करून कपाटात ठेवला अन् भावानं उद्या कुणाला प्लॉट दाखवून इसार घेतला तर तुम्ही अडचणीत. स्पीड पोस्टानं भावाला नोटीस, रजिस्ट्रार ऑफिसला कॉपी, आणि पेपरात जाहीर नोटीस. आणि त्या मुखत्यारपत्रात भावाचे स्वतःचे पैसे गुंतलेत असं काही लिहिलं असेल तर आधी कागद घेऊन कुणा वकिलाला भेटा, तसलं मुखत्यारपत्र एकतर्फी काढता येत नाही.

निवृत्त_इंग्रजी_मास्तर

बाळांनो, मी तीस वर्षं ह्याच गावात इंग्रजी शिकवलं, बहुतेक मुलं मराठी आणि तेलुगू घरातली, आणि हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. मी शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगतो, मग विसरणार नाही.

कॅन्सल. लॅटिनमध्ये कॅन्सेली म्हणजे जाळी, गजांची जाळी. जुने लेखनिक दस्त रद्द करताना त्याच्यावर तिरक्या आडव्या रेघा मारायचे, जाळीसारख्या, त्यावरून कॅन्सल. आणि तुम्ही सगळ्यांनी हे स्वतःच्या हातानं केलेलं आहे. पगार खात्यासाठी ऑफिसात कॅन्सल्ड चेक मागतात. काय करता? कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, मधे लिहायचं कॅन्सल्ड, सही करायची नाही. पण खालचा खाते नंबर, आयएफएससी कोड सगळं स्वच्छ वाचता येतं, त्यासाठीच तर तो चेक मागितलेला असतो. हा कॅन्सलचा स्वभाव बघा, गोष्ट होती, आहे, दिसते आहे, फक्त तिच्यावर रेघ मारलीय. नवी पेठवाल्यांनी सांगितलं ना की कॅन्सल केलेला बिल नंबर परत मिळत नाही, ते त्याच्यामुळंच. विद्यापीठाचा चान्सेलर पण ह्याच जाळीपासून आला, न्यायासनापुढच्या जाळीपाशी उभा राहणारा तो.

व्हॉइड म्हणजे रिकामं. भुईमुगाची शेंग वरून धड दिसते, फोडली तर आत दाणाच नाही, तसा. आपल्याकडं पोल शेंग म्हणतात. शेंग कुणी पोल केली नाही, ती तशीच धरली. आणि क्वॉशच्या मुळाशी कॅसस आहे, तोही पोकळच, पण तिथं वरचा माणूस फोडून सांगतो की हे पोकळ आहे.

रिव्होकमध्ये व्होक म्हणजे हाक. हाक मारून माघारी बोलावणं. म्हणून ज्यानं पाठवलं त्यालाच रिव्होक करता येतं, दुसऱ्याचं पोर आपण हाक मारून घरी आणत नाही. रिपीलच्या पोटात पण हाकच आहे, जुन्या फ्रेंचमधून आलेली, पण इंग्रजीत तो शब्द कायद्यापुरता राखून ठेवलाय. रिसिंडमध्ये कापणं आहे, मुळापर्यंत कापून टाकणं. ॲब्रोगेटमध्ये रोगारे, रोममध्ये लोकांपुढं कायदा मांडून विचारायचे त्याला हे क्रियापद, म्हणून ॲब्रोगेटला अजूनही राजदरबारी वास आहे, टॉवेलच्या ऑर्डरीला तो शोभत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपल्या मराठीत रद्द एकच शब्द आहे असं समजू नका. रद्द हा अरबीतून फारसीमार्गे दफ्तरात आलेला कागदावरचा शब्द आहे आणि कागदावर आपण तोच एक वापरत बसलो. बोलताना तुमच्या आजीला विचारा. सोयरीक मोडली. अर्ज मागं घेतला. बंदी उठवली. नाव खोडलं. दंड माफ केला. शब्द फिरवला. हुकूम माघारी घेतला. ठराव फेटाळला. प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर आजी हसेल. सोयरीक उठवली असं कुणी म्हणत नाही.

म्हणून इंग्रजी लिहायच्या आधी रद्द करणे डिक्शनरीत शोधूच नका. आधी मनात बोलीतलं क्रियापद आणा. मोडणं असेल तर कॉल ऑफ किंवा ब्रेक ऑफ. मागं घेणं असेल तर विदड्रॉ, अधिकार किंवा परवाना मागं घेणं असेल तर रिव्होक. उठवणं असेल तर लिफ्ट. माफ करणं असेल तर वेव्ह. खोडणं असेल तर कॅन्सल किंवा स्ट्राइक ऑफ. फिरवणं असेल, म्हणजे खालच्याचा निर्णय वरच्यानं फिरवणं, तर ओव्हरटर्न, रिव्हर्स.

उठवणं म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं आपलं गाव येतं. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. माझे आजोबा तेव्हा गिरणीत कामाला होते, ते सांगायचे मार्शल लॉ उठला तेव्हा अमुक झालं, उठायच्या आधी तमुक झालं. रद्द झाला असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. इंग्रजीत पण मार्शल लॉ लिफ्टच होतो. अंगावरचं ओझं उचलावं तसं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. वर चिंचोळीवाल्यांनी हुतात्मा एक्स्प्रेसचं उदाहरण दिलं, ते नाव ह्या चौघांचंच. मी वर्गात लिफ्ट शिकवताना हे सांगायचो आणि एकही मूल तो शब्द विसरलं नाही.

रंगभवन_अभ्यासिका

सर फार छान सांगितलंत. मी राज्यसेवेची तयारी करतीये, माझा प्रश्न थोडा वेगळा. रिपील आणि स्ट्राइक डाउन मध्ये मी नेहमी अडखळते. माझ्या नोट्समध्ये असं आहे, कुणीतरी तपासा. तीन कृषी कायदे २०२० चे, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्टे दिला, म्हणजे थांबवले, मेले नाहीत. नंतर संसदेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये रिपील केले, त्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला. आयटी ॲक्टचं ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, ते मात्र सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला स्ट्राइक डाउन केलं. राष्ट्रपती राजवट रिव्होक होते, कलम ३५६ मध्येच तो शब्द आहे, २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे आपल्याकडची उठली तीच. आणि ३७० ला पेपरवाले ॲब्रोगेशन म्हणतात पण मूळ कलमात सीज टू बी ऑपरेटिव्ह असं आहे. नोटाबंदीत पण नोटा कॅन्सल केल्या असं नव्हतं, लीगल टेंडर राहणार नाहीत असं होतं. बरोबर का?

काळा_कोट_सोलापूर

सगळं बरोबर आहे ताई. ६६अ वरून एक लक्षात ठेव, परीक्षेत पण येईल. ज्यानं कायदा केला तोच रिपील करतो, मग ते पुस्तकातून निघतं. कोर्ट स्ट्राइक डाउन करतं तेव्हा घटनेच्या विरोधात म्हणून ते व्हॉइड ठरतं, घटनेचं कलम १३, पण छापील पुस्तकात ओळ तशीच राहते, खाली बारीक टीप. त्यामुळं २०१५ नंतर सुद्धा देशात ६६अ खाली गुन्हे दाखल होत राहिले आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला त्यावर संताप व्यक्त करावा लागला. ज्यानं जुनं पुस्तक उघडलं त्याला कलम दिसलं, त्यानं लावलं. त्यात माणसं आत गेली.

रिपीलला आमच्या मराठी कायद्यात निरसन म्हणतात. जुन्याच्या जागी आलेल्या कुठल्याही नव्या कायद्याचं शेवटचं पान उघड, निरसन व व्यावृत्ती असं कलम असतं. आयपीसी १८६० चं गेलं अन् १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिचं शेवटचं कलम ३५८ तेच आहे. व्यावृत्ती म्हणजे जुन्या कायद्याखाली जे झालंय ते वाचवून ठेवणं. म्हणजे रिपील आजपासून, मागचं पुसत नाही. मी सुरुवातीला म्हणाले ना कधीपासून मेलं ते विचारा, ते हे.

टॅक्स_नवी_पेठ

नलिफाय राहिला की मॅडम.

काळा_कोट_सोलापूर

हो, राहिला. नलिफाय म्हणजे परिणाम शून्यावर आणणं, मग कागद जिवंत असला तरी. तुम्ही जीएसटीचा फायदा दिला आणि दुसऱ्या नोटिफिकेशननं तो खाल्ला गेला, फायदा नलिफाय झाला, पण पहिलं नोटिफिकेशन कुणी मागं घेतलेलं नाही. करारात, नोटिशीत हा शब्द मी टाळते, भांडणाला जागा राहते. इनव्हॅलिडेट पण जवळचाच, मतपत्रिकेवर दोन ठिकाणी शिक्का पडला तर मत इनव्हॅलिड, बाद.

अक्कलकोट_रोड_टॉवेल

सगळ्यांचे खूप खूप आभार, ताई, सर, चिंचोळीवाले दादा. काल रात्री बसून तिसरा मेल लिहिला, सकाळी मालकांना वाचून दाखवून पाठवला. विषयात ऑर्डर नंबर दोन. आत असं:

वुई विदड्रॉ अवर टू अर्लियर ईमेल्स. ओन्ली परचेस ऑर्डर नंबर टू इज कॅन्सल्ड, बाय म्युच्युअल कन्सेन्ट, अॅज डिस्कस्ड ऑन फोन. ऑर्डर्स वन अँड थ्री रिमेन इन फुल फोर्स. काइंडली कन्फर्म.

ताईंनी सांगितलं तसं दोन्ही मेल विदड्रॉ केले, व्हॉइडवाला पण. दुपारी चारला उत्तर आलं, कन्फर्म्ड, ऑर्डर्स वन अँड थ्री कंटिन्यू अनचेंज्ड. तेवढंच. प्रिंट काढून फाईलला लावली. एलसी एक नंबरची उघडलेली होती, शिपमेंटच्या शेवटच्या तारखेला अजून अकरा दिवस आहेत, मालकांनी संध्याकाळच्या पाळीला माग चालू करायला सांगितले.

आणि सर, घरी आईला विचारलं, आमच्यात तेलुगू बोलतात, म्हटलं ठरलेलं लग्न मोडलं तर काय म्हणायचं, दुकानाचं बिल खोडलं तर काय, कर्फ्यू उठला तर काय. तिनं तिन्हीला तीन वेगळे शब्द सांगितले, जराही न थांबता.

कागदपत्रं_चिंचोळी

झकास. आता एक करा, दोन नंबरच्या ऑर्डरीची कार्टन लेबलं छापून ठेवली असतील तर आजच गोडाऊनमधून वेगळी काढा. माल एकाच बायरचा, साइझ एकच, पॅकिंगवाला पोरगा हाताला येईल ते लेबल चिकटवतो, आणि एलसीवर ऑर्डर नंबर एक असताना कार्टनवर दोन गेला तर बँक डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदातली तफावत, काढून पेमेंट अडवते. पॅकिंग लिस्ट तयार झाली की मला दाखवा, नजर टाकून देतो.